ताटातला मासा

नाख्तमिननं जन्मभर मेलेल्यांची ताटं वाढली. पश्चिमेच्या डोंगरात त्याच्या हयातीत जी थडगी खोदली गेली, त्यातल्या कितीतरी भिंतींवर बैलाची तंगडी त्याची, पाय बांधलेला सोललेला हंस त्याचा, कांद्याच्या जुड्या त्याच्या, अंजिरांच्या टोपल्या त्याच्या. हात असा सरळ, की बोरू एकदा टेकवला की खुरापासून मांडीपर्यंत रेघ उचलायची नाही. मागून काळ्या रंगानं चुका दुरुस्त करणारा मुकादमसुद्धा त्याच्या भिंतीसमोर नुसता उभा राहून पुढं जायचा.

घरी मात्र पुढ्यात खपलीची भाकर, वाटीभर मसूर, एक कांदा आणि मासा. भाकरीत जात्याची वाळू. ती चावून चावून तिशीतच त्याच्या दाढा सपाट झाल्या होत्या. गावात विहीर नव्हती, शेत नव्हतं. पाणी नदीवरून गाढवांच्या पाठीवर यायचं, आणि मासाही त्याच गाढवांवर. थडगी खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या साऱ्या गावाच्या चुली त्या माशावर चालत.

त्याची बायको हुनेरो ताट सरकवताना म्हणायची, "अवो, मेलेल्यास्नी बैलाची तंगडी आन जित्यास्नी माशाचं शेपूट. मी बी एकदा मरूनच बगते. निदान तंगडी तरी मिळंल."

हुनेरो कोळ्याची पोर. नदीकाठच्या गवतात जन्मलेली, मगरीला शिव्या देत मोठी झालेली. ती लग्न होऊन डोंगराच्या पायथ्याला आली तेव्हा तिच्याबरोबर दोन चटया, आरशाचा एक तांब्याचा तुकडा आणि खारवलेल्या बोय माशांचं एक खापर आलं. सासूनं उंबऱ्यातच नाक दाबलं. सासूचं नाव तामित. अंगानं काडी, जिभेनं विंचू.

"नदीकाठची हाय ती," तामित शेजारणींना ऐकू जाईल असं बोलायची. "मढी सुकवायच्या नत्रूनच्या खारात सत्तर दिस बुडवून ठिवली तरी वशाट वास जायचा न्हाई."

"आत्याबाय," हुनेरो आतून म्हणायची, "वास माजा ऱ्हाऊ दे. पर खापरातली बोय दुपारच्याला कोन काढून खातंय, त्ये मला ठावं हाय."

तामित मग ओट्यावर कांदा सोलत बसायची. दुसऱ्या दिवशी दुपारी खापराचं झाकण पुन्हा हललेलं.

बोय खारवायची हुनेरोची एक रीत होती. गावातल्या बाया मासा पोटाकडून चिरायच्या. हुनेरो पाठीकडून. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच वार, मग दार उघडावं तशी बोय उघडायची, आतलं काढायचं, मीठ चोळायचं, खापरात दाबून तोंड चिखलानं लिंपायचं. पोटाकडनं चिरला की मासा मऊ पडतो, असं ती म्हणायची. नाख्तमिन दारात बसून तिचा हात बघायचा. रेघ न उचलणारा दुसरा हात त्यानं गावात एवढाच पाहिला होता. तसं त्यानं तिला कधी बोलून दाखवलं नाही. तिची तीन तान्ही पोरं गेली, ती मडक्यात घालून घराच्या जमिनीखाली पुरली होती, एक पोरगी जगली. वेबखेत. तेवढं सोडलं तर त्यांच्या संसारात सांगण्यासारखं काही नव्हतं.

मग हुनेरोच्या पोटात गाठ आली.

आधी भाकर पोटात ठरेना. मग मसूर ठरेना. मधात कालवलेल्या मुळ्या झाल्या, दुखऱ्या जागी इसिस देवीचे मंत्र झाले, उशाला ठेंगण्या बेस देवाची मूर्ती ठेवून झाली. वर्षाला एक, असे नदीचे दोन पूर आले आणि गेले. शेवटी शेवटी तिच्या पोटात एकच गोष्ट राहायची. बोयीचं कोमट पाणी. वेबखेत वाटीनं पाजायची.

एका सकाळी तिनं नवऱ्याला चटईजवळ बसवून घेतलं.

"माजी मरनाची पेटी तुमीच रंगवनार न्हवं?"

"आनि कोन रंगवनार?"

"मग ताटात मासा काढा."

नाख्तमिन हसला. मग तिच्या तोंडाकडं बघून थांबला. "ताटात मासा काढत न्हाईत, हुनेरो."

"का?"

"न्हाई काढत. वाडवडलांपासनं कुनी काढला न्हाई. माशाच्या तोंडानं मेलेल्यांच्या राजाच्या, ओसिरिसच्या दारात गेलं, की दारातनंच माघारी लावत्यात. इटाळ मानत्यात."

"आन आख्ख्या गावानं जल्मभर काय खाल्लं? गाढवावरनं काय मोती येत्यात? जित्यापनी इटाळ न्हाई आन मेल्यावर इटाळ व्हय?"

तो म्हणाला, "हंस काढतो. मोठा. चरबी निथळनारा."

"त्यो तुमच्या आयला काढा. मी जल्मात हंस खाल्ला न्हाई. मेल्यावर नवं खायाला कशापायी शिकू?" ती दमली. जरा वेळानं म्हणाली, "माज्या पोटात दुसरं काय ठरत न्हाई वो. तिकडं गेल्यावर तरी ठरंल, ह्ये कुनी बगितलंय? लाखो वरसं भुकेली बसू व्हय मी भरल्या ताटाम्होरं?"

"बरं. काढतो."

"शपत घ्या."

"घेतो की."

"कुनाची?"

तिनंच मान वळवली. दारातून डोंगराचं टोक दिसत होतं, नागफण्यासारखं. तिथं मेरेतसेगेर देवी राहते. तिला शांतता आवडते, आणि खोटी शपथ आवडत नाही. गावात कुणी तिचं नाव उगाच तोंडावर आणत नाही. आणलं आणि मोडलं, तर ती जीव घेत नाही. भर उन्हात अंधार दाखवते. डोळे नेते. चित्रकाराच्या गावात याहून मोठी शिक्षा ती कोणती?

नाख्तमिननं टोकाकडं हात करून शपथ घेतली. हुनेरोनं डोळे मिटले. नदीचं पाणी हिरवट होऊन चढायला लागलं, त्याच महिन्यात ती गेली.

तिचं शरीर खारात असताना त्यानं अंगणात पेटी रंगवायला घेतली. डाव्या अंगाला होरस देवाचे दोन डोळे काढले, आतून तिला उगवता सूर्य बघता यावा म्हणून. डोक्याशी नेफ्थिस देवी, पायाशी इसिस, मध्ये कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस. झाकणाच्या आत आभाळाची देवी नूत, हातात जीवनाची खूण, गाठीची अंख. उजव्या अंगाला खुर्चीवर बसलेली हुनेरो, पुढं हात केलेली, आणि हाताजवळ ताट. भाकरी काढल्या. कांदे काढले. काकड्या काढल्या. भाकरींच्या बाजूला चार बोटांच्या मापाची एक जागा पांढरीच सोडली.

पेंदुआ आला तो ती जागा बघून थबकला. पेंदुआ त्याच्याच टोळीतला, दगड फोडणारा. पण मेलेल्यांचे मंत्र वाचायची पाळी त्याची होती, म्हणून डोकं भादरलेलं, अंगावर स्वच्छ तागाचं कापड, आणि पाळी संपेपर्यंत तोंडाला मासा नाही.

"हितं काय ऱ्हायलं?"

"मासा."

पेंदुआ मोठ्यानं हसला. मग हसू जिरलं. "नाख्त्या, येड लागलं का तुला? बेचाळीस देव न्यायाला बसल्यात तिथं. एकेक जन इचारनार. तिचं काळीज पारड्यात, खरेपनाच्या देवीचं, माअतचं पीस दुसऱ्या पारड्यात. आन ही बाय ताटात मासा घिऊन हुभी? हाकलून देतील तिला. ना आत, ना भाईर. दारात ऱ्हाईल."

"मी शपत घेतलीय."

"कुनाची?"

नाख्तमिननं नुसतं वर बघितलं. पेंदुआनंही बघितलं. तामित ओट्यावर बसून कांदा सोलत होती. ती म्हणाली, "मेली तरी वास सोडत न्हाई बया."

"आय, गप," नाख्तमिन म्हणाला.

पेंदुआ उकिडवा बसला. "आयक. ताटात मासा आसंल तर मी मंत्र वाचनार न्हाई. माजा बी जीव हाय. मी वाचलं न्हाई तर तिचं तोंड उघडनार न्हाई. तोंड उघडलं न्हाई तर मासा बी न्हाई आन भाकर बी न्हाई. पर मी सांगतो त्यातनं वाट. चिलापी काढ. तळ्यात. चिलापीचं कुनाला वावडं न्हाई. ती सूर्याच्या होडीम्होरं पवती, पिल्लं तोंडात धरती आन जित्ती भाईर सोडती. पुन्यांदा जल्म घ्यायाची खूण हाय ती. ताटाखाली तळं काढ, तळ्यात चिलापी. शपत बी ऱ्हायली, ती बी आत गेली."

"ती ताटात म्हनली हुती."

"ताट आन तळं. चार बोटांचं तर अंतर हाय, मर्दा."

नाख्तमिन दिवसभर पेटीसमोर बसला. शपथ मोडावी तर डोळे जाणार. पाळावी तर बायको दारात अडकणार. संध्याकाळच्या आत त्यानं पांढऱ्या जागेत हंस काढला, आणि ताटाखाली निळं तळं, दोन कमळं, एक चिलापी. आयुष्यात काढलेली सगळ्यात देखणी चिलापी. खवले एकेक मोजून घ्यावेत अशी. पेंदुआनं मंत्र वाचले, पेटी दोरानं खाली सोडली, घराण्याच्या भुयाराच्या दाराला ओला गारा लावून वर कोल्ह्याची मोहोर उठवली.

काही दिवस गेल्यावर, दुसऱ्या कुणाच्या तरी थडग्यात भिंतीवर अंजिरं काढताना त्याचा हात थांबला. भिंतीवरचा धनी खुर्चीवर बसला होता, हात अंजिरांकडं. आणि नाख्तमिनला जे लहानपणापासून ठाऊक होतं, ते नव्यानं कळलं. रंगातली माणसं बसलेली काढली की जागची उठत नाहीत. जिथं काढली तिथंच बसून खातात. हात जेवढा काढला तेवढाच पोचतो. हुनेरोचा हात हंसापर्यंत पोचत होता. तळ्यापर्यंत पोचत नव्हता. मासा चार बोटांवर, डोळ्यांसमोर, आणि ती बसलेली. लाखो वर्षं.

त्या दिवशी तो काम अर्धं टाकून घरी आला.

त्यानंतरच्या पुरापासून डोळे जायला लागले. आधी दिव्याभोवती कडी दिसायला लागली. मग एकाच्या दोन रेघा. मुकादम त्याच्या भिंतीसमोर थांबायला लागला, मग काळा बोरू घेऊन त्याच्या तांबड्या रेघा दुरुस्त करायला लागला. टोळीतल्या चेष्टेला काय कमी? "नाख्त्याचा बैल बगा, पाच पायाचा. मेलेल्याची चंगळ हाय." वेबखेतनं बैलाचं काळीज भाजून त्याचं पाणी डोळ्यांत पिळलं, हिरवं काजळ घातलं. त्यानं एका दगडावर चार कान काढून मेरेतसेगेरच्या कपारीत नेऊन ठेवला, देवीनं ऐकावं म्हणून. देवी गप्पच राहिली. तिचा स्वभावच तो.

"पेंदुआ," तो म्हणाला, "थडगं उघडून दे. एकदाच. बोटाएवढं काम हाय."

"चितर नीट कराया कोन थडगं उघडतंय? मोहोर फोडली तर चोर म्हनून हात तोडत्यात."

"मग कवा उघडायचं?"

"उघडायचं तर घरातलं कुनीतरी मराया पायजे."

झालं. त्या दिवसापासून नाख्तमिन जेवताना आईकडं बघायला लागला. तामित तेव्हा गावातली सगळ्यात जुनी बाई होती. अंगावर मास नव्हतं, पण भूक लांडग्याची. हुनेरोच्या खापरातल्या बोयी संपल्या तशी वेबखेत खारवायला लागली, आणि म्हातारी त्या आता उघड उघड खायची, काटे चोखून. तो बघायचा. ती खायची. एक दिवस तिनं काटा तोंडातून काढून बाजूला ठेवला.

"काय बगतुयास रं?"

"काय न्हाई."

"तुला दिसतं तरी काय? वाट बगतुयास व्हय माजी?"

त्यानं ताटातली भाकर मोडली.

"बायकोपायी आयच्या मरनाची वाट बगनारा माज्याच पोटी यायचा हुता," तामित म्हणाली. "थांब मग. मला घाई न्हाई." आणि तिनं दुसरी बोय उचलली.

आणखी तीन पूर. नाख्तमिनला प्रत्येक पुराचं पाणी कमी कमी दिसलं. तिसऱ्याला त्यानं नुसता उजेड बघितला, पाण्यावर हलणारा. टोळीनं त्याला घरी बसवलं. तो ओट्यावर बसून इतरांसाठी रंग कुटायचा, आणि आत म्हातारीच्या श्वासाकडं कान लावायचा. आपण काय ऐकतोय हे त्याला कळत होतं. त्याची त्याला लाजही वाटायची. पण कान काही वळायचे नाहीत.

तामित उन्हाळ्यात गेली, एका दुपारी, कांदा हातात घेऊन. जाण्याआधी दोन दिवस तिनं लेकाला बोलावलं होतं. "मला हंस काढवून घे. आन मला तिच्याशेजारी ठिवू नगंस, वास येतुया." जरा वेळानं, भिंतीकडं तोंड करून, "पर हात चांगला हुता पोरीचा. बोय खारवावी तर तिनंच."

हंस दुसऱ्या चित्रकारानं काढला. नाख्तमिनला तो बघता आला नाही.

पेटी खाली सोडायच्या दिवशी मोहोर फुटली. नाख्तमिन म्हणाला, आधी मी खाली जाऊन जागा करतो. कमरेला रंगाच्या दोन वाट्या आणि बोरू बांधलेला होता. पेंदुआनं ते बघितलं असणार. तो एवढंच म्हणाला, "बेगीनं ये."

वेबखेत दिवा घेऊन पुढं, तो तिच्या खांद्याला धरून मागं. खाली गार होतं. पेटीवर धूळ साचली होती, ती तिनं पदरानं पुसली. त्यानं हात फिरवला. होरसचे डोळे त्याच्या बोटांना लागले, रंग जरा उचललेला होता.

"ताट कुटं हाय?"

तिनं त्याचं बोट धरून टेकवलं. "हितं भाकरी. हितं हंस. ही भाकरीवरली जागा मोकळी."

"तिचा हात?"

"ह्यो बग. टेकतोय."

त्यानं तांबडा रंग घेतला. श्वास रोखून एकच रेघ ओढली, न उचलता. मग शेपूट, मग डोळा. पाठीमागं वेबखेत काही बोलेना.

"कसा झालाय?"

"मासा हाय."

"मग गप का? सांग की."

"बा," ती म्हणाली, "ह्यो पवतोय."

त्याला लगेच कळलं. आजवर त्यानं मासा काढला तो पाण्यातलाच. पंख पसरलेला, शेपूट वळलेली. हाताला दुसरा मासा ठाऊकच नव्हता. आणि ही चूक साधी नव्हती. इथं जे अख्खं काढावं ते जिवंत होतं. म्हणून तर ताटातल्या हंसाचे पाय बांधायचे, म्हणून तर थडग्यात अक्षर म्हणून लिहिलेल्या नागाचे दोन तुकडे करायचे. हा मासा दार बंद झालं की भाकरीवरून निसटणार, आणि तळ्यात जाणार. पुन्हा चार बोटं.

वरून पेंदुआ ओरडला, "झालं का रं? ऊन चढलंय, मानसं खोळंबल्यात!"

"काळा रंग दे," नाख्तमिन म्हणाला. "तुजी आय बोय कशी चिरायची?"

"पाठीकडनं."

"कुटनं धरायची?"

तिनं त्याचं बोट माशाच्या डोक्यामागं ठेवलं. त्यानं बोरू टेकवला. रेघ शेपटीपर्यंत गेली, न उचलता. मग तिच्या दोन्ही बाजूंना त्यानं दार उघडावं तशा दोन रेघा उघडल्या.

"आता?"

वेबखेतनं दिवा जवळ नेला. "आता न्हाई पवत."

ते वर आले. तामितची पेटी दोरानं खाली गेली. आत जागाच तेवढी होती, म्हणून ती हुनेरोच्या पेटीला टेकूनच बसली. गारा लागला, मोहोर उठली.

कुणाला वाटेल, शपथ पुरी झाली तर डोळे आले असतील. आले नाहीत. पुढचा पूर त्याला दिसलाच नाही, नुसता वास आला चिखलाचा. गावात दोन बाजू पडल्या. कुणी म्हणायचं, शपथ उशिरा पाळली म्हणून टोकावालीनं डोळे परत दिले नाहीत. कुणी म्हणायचं, मासा काढला म्हणून दिले नाहीत. थडग्यातल्या धुळीनं आणि दिव्याच्या धुरानं गेले, असं म्हणणारा एकही नव्हता.

पेंदुआ म्हातारा झाला होता. येऊन ओट्यावर बसायचा. एकदा म्हणाला, "नाख्त्या, आता तरी मासा सोड. आपलं दिस भरत आलं. मी तर कवाच सोडला. तोंड सुद्द ठेवावं मानसानं."

नाख्तमिन म्हणाला, "येक खरं सांग. तिला आत घेतलं आसंल का?"

"मला काय म्हाईत. तिकडनं कोन आलंय सांगाया?"

"आन घेतलं नसंल तर? कुटं आसंल ती?"

"दारात."

"भाईर?"

पेंदुआनं खाकरून घसा साफ केला. "भाईर."

"वेबखेत," नाख्तमिननं आत हाक मारली, "खापरातली बोय आन. मोठी."

त्यानं ती पेंदुआच्या समोर बसून खाल्ली, काटे चोखून, आईसारखी. त्यानंतर एक दिवस मासा चुकला नाही. सणाच्या दिवशी, ज्या दिवशी सारा गाव तोंडाला मासा लावत नाही, त्या दिवशीसुद्धा. शेजारणी नाकाला पदर लावून जायच्या. "वास यितोय व्हय?" तो दारातून विचारायचा. "येऊ द्या."

शेवटी त्याच्याही पोटात भाकर ठरेना. वेबखेत वाटीनं बोयीचं कोमट पाणी पाजायची. त्या सकाळी पेंदुआ आला तो हातात खाराच्या पाण्याची वाटी घेऊन. जाणाऱ्याचं तोंड त्या पाण्यानं धुतात.

"आ कर, मर्दा," तो म्हणाला. "नुसती येक चूळ."

नाख्तमिननं जिभेनं ओठांवरचं बोयीचं मीठ चाटलं, आणि तोंड गच्च मिटून घेतलं.